किल्ली माझ्याकडे होती

रास्ता पेठेत, पॉवर हाऊसच्या मागच्या बोळात
बाहेर पाटी होती ‘व्हिडिओ गेम्स’.
पुढच्या खोलीत पोरं मोटारी पळवायची,
पडद्याआड सहा पत्त्यांच्या मशीन.
मी किल्लीवाला. वय एकोणीस,
पगार अठराशे, चहा मालकाचा.

गिऱ्हाईक नोट द्यायचं,
मी मशीनच्या कुशीत किल्ली घालून
एक पिळा द्यायचो, पॉइंट चढायचे.
पाच मशीनना शंभराचा पिळा.
सहावीला पाच हजारांचा.
तिच्यावर फक्त अंबिकेशेठ बसायचे.

भोसरीत त्यांच्या क्रेन होत्या, तीन, भाड्यानं द्यायच्या.
म्हणायचे, तुळश्या, क्रेननं वर नेलेलं
खाली ठेवावंच लागतं, त्याचेच पैसे मिळतात.
इथं वाटतं वर नेलेलं वरच राहील.
आणि हसायचे. दात चांगले होते त्यांचे.

पाच पानं पडायची.
ते होल्डचं बटण दाबायचे अगदी हळू,
झोपलेल्या पोरावर पांघरूण ओढावं तसं.
गुलामांची जोडी धरली, तीन टाकली.
आली तिर्री, छक्की, नव्वी.
जोडीला लावलेले परत.
म्हणजे काहीच नाही.
म्हणजे अजून एकदा.

एका मंगळवारी अंगारकी होती,
शेठ उपाशी, चंद्र उगवेपर्यंत वेळ काढत बसलेले.
बदाम दश्शी. बदाम राणी. चौकट पंजी.
बदाम राजा. बदाम गुलाम.
त्यांनी चार धरली, पंजी टाकली,
आणि डोळे मिटून माझं मनगट पकडलं.
माझी नजर पडद्यावर होती.
एक्का मी त्यांच्याआधी पाहिला.

चार लाख.
मालक अनवाणी धावत आले.
पैसे ‘सकाळ’च्या रविवारच्या पुरवणीत बांधले,
ती पुरवणी मी अर्धी वाचली होती.
दोन हजार मला दिले शेठनी, मोजून न बघता.
तायडीच्या नर्सिंगच्या फीला लागले ते.
चंद्र बघायचा राहिला, हे त्यांना
दुसऱ्या दिवशी आठवलं.

त्यानंतर ते डबल खेळायला लागले.
जे येईल ते डबल. एक पान पालथं,
सातच्या वर की खाली, एवढंच.
वर. वर. खाली. वर.
आठ हजारांचे सोळा, सोळाचे बत्तीस,
बत्तीसचं काही नाही.

पहिली क्रेन दिवाळीआधी गेली.
दुसरी कधी गेली ते कळलं नाही,
तिसरीबद्दल मी विचारलं नाही.
नोट न देताच पिळा मागायचे,
मालक लांबून मान हलवायचे, मी पिळायचो.
एका रात्री सत्तावीस.
घरी झोपेत माझा हात वळत होता म्हणे,
आईला वाटलं फिट आली.

फोन वाजायचा. बाईंचा आवाज:
आहेत का हो तिथे?
मी त्यांच्या पाठीकडे बघत सांगायचो, नाहीत.
तसे ते नसायचेच.
पण तेव्हा मला असं काही सुचत नव्हतं,
मी खोटं बोलत होतो, पगारात बसत होतं.

आता तिथं भुवया कोरायचं पार्लर आहे.
मशीन एका टेम्पोतून सासवडच्या बाजूला गेल्या.
किल्ली द्यायची राहिली ती राहिलीच,
घरी सायकलच्या पान्यांत पडलेली असते.

परवा मंडईत दिसले.
शर्ट इस्त्रीचा, चप्पल शिवलेली.
लिंबंवालीसमोर उकिडवे बसून
पाच लिंबं घेतली, हातात ओळीनं धरली,
बघत राहिले.
मग दोन परत ढिगावर ठेवली,
नवी दोन उचलली, न बघता.
बाई म्हणाली, आता बदलायची नाहीत हां.
ते म्हणाले, नाही, नाही,
एकदाच बदलतात.

मी खांबाआड उभा होतो.
उजवा हात खिशात होता,
तो मी बाहेर काढला.